स्वतः उभं राहून घर बांधताय? फोनवर काय सांभाळायचं आणि काय नाही

बार्शीत आमचा दोन गुंठ्यांचा प्लॉट आहे. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झाले, त्यांचे मिळालेले पैसे आणि माझं होम लोन मिळून तिथं घर बांधायचं ठरलं. मी पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत, बाबा साइटवर. आम्ही काम मटेरियलसकट कुणाला दिलं नाही. लेबर रेटने बांधलं. म्हणजे मजुरी मुकादमाची. सिमेंट, लोखंड, वाळू, वायर, टाइल्स हे सगळं आपलं आपण आणायचं, मोजायचं आणि पैसे चुकते करायचे. चौदा महिने लागले.

घर चांगलं झालं. पण वरच्या मजल्यावरच्या बाथरूमला आजही एक पायरी चढावी लागते, आणि बाबांचे गुडघे दुखतात. ती पायरी प्लॅनमध्ये नव्हती. ती माझ्या फोनमुळे, खरं तर माझ्यामुळे आली. ते पुढे सांगतोच. या लेखात मी वापरलेली ॲप्स, हिशोबाच्या पद्धती आणि मोजमापाची सूत्रं एका जागी देतोय, म्हणजे घरी बांधकाम निघालं आणि 'तू इंजिनिअर आहेस, तूच बघ' असं तुम्हाला म्हटलं गेलं, तर सुरुवात कुठून करायची ते कळेल.

आधी कागद, पण थोडक्यात

सातबारा महाभूलेखच्या साइटवर नुसता बघता येतो, पण तो फक्त माहितीसाठी. बँकेला किंवा परवानगीसाठी डिजिटल सहीचा सातबारा लागतो, तो महाभूमीच्या पोर्टलवर १५ रुपयांत डाउनलोड होतो. प्लॉट सिटी सर्व्हेत असेल तर सातबाऱ्याऐवजी मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड काढायचं.

बांधकाम परवानगीसाठी मुंबई आणि काही अपवाद सोडले तर राज्यात २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. त्यात मापं चौरस मीटरमध्ये आहेत आणि आपण गुंठ्यात बोलतो. १ गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, आणि १ चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. आमचे दोन गुंठे म्हणजे साधारण २०२ चौरस मीटर. हा आकडा पाठ करून ठेवा, आर्किटेक्टपासून बँकेपर्यंत सगळे विचारतात.

एक गैरसमज माझाही होता. मुकादमाने काम अर्धवट सोडलं तर महारेराकडे जाता येईल असं मला वाटायचं. नाही जाता येत. रेरा आहे तो विकणाऱ्या बिल्डरसाठी. स्वतःच्या जागेवर स्वतःसाठी बांधताना तुमच्या हातात असतो तो मुकादमासोबतचा करार, आणि फार झालं तर ग्राहक आयोग. म्हणून करार स्टँप पेपरवर लिहून घ्या आणि त्यात टप्पे लिहा.

आणि कॉलमचं माप, सळईचा आकार एआय चॅटबॉटला विचारू नका. मी गंमत म्हणून विचारलं होतं. त्याने फार आत्मविश्वासाने उत्तर दिलं, पण आमच्या प्लॉटखाली किती फूट काळी माती आहे हे त्याने एकदाही विचारलं नाही. आमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने पहिला प्रश्न तोच विचारला.

हिशोब: शीट माझी, वही बाबांची

गूगल शीटमध्ये मी तीन पानं केली: खरेदी, मजुरी, टप्पे. बाबांसाठी पाच रकान्यांचा गूगल फॉर्म बनवला, त्याचा शॉर्टकट त्यांच्या होम स्क्रीनवर ठेवला. तारीख, वस्तू, नग, रक्कम, कुणाला दिले. बाबांनी तो बरोबर चार दिवस भरला. पाचव्या दिवशी परत शाळेची जुनी दोनशे पानी वही आणि निळं पेन.

मी थोडा चिडलो, मग लक्षात आलं की वही माझ्या फॉर्मपेक्षा चांगली आहे. त्यात 'वाळूवाला तीनला येतो म्हणाला, सहाला आला, अंधारात ओतली' असंही लिहिलेलं असायचं, जे फॉर्मच्या रकान्यात कधीच आलं नसतं. मग पद्धत बदलली. बाबा रात्री वहीच्या पानाचा फोटो पाठवायचे, मी रविवारी शीटमध्ये टाकायचो. घरात जो माणूस साइटवर उभा आहे, त्याला जमेल तीच पद्धत चालते. ॲप कितीही भारी असू दे.

तीन पानांपैकी सगळ्यात महत्त्वाचं पान 'टप्पे'. आमच्या करारातली वाटणी अशी होती: जोत्यापर्यंत १५ टक्के, पहिला स्लॅब २५, दुसरा स्लॅब २५, वीटकाम १५, प्लास्टर १५, आणि शेवटचे ५ सगळं साफ करून किल्ली हातात दिल्यावर. पण प्रत्यक्षात पैसे टप्प्याने जात नाहीत. बाजाराच्या दिवशी मजुरांना हप्ता द्यावा लागतो, मध्येच कुणाच्या घरी आजारपण निघतं, मुकादम उचल मागतो. ती द्यावी लागते आणि द्यावीही. फक्त शीटमध्ये एक रकाना ठेवा: 'आजवर झालेल्या कामाचे किती होतात' वजा 'आजवर किती दिले'. हा आकडा शून्याच्या खाली गेला की सेल लाल होईल असं कंडिशनल फॉरमॅटिंग लावा. लाल म्हणजे तुम्ही कामाच्या पुढे पैसे दिलेत. त्या दिवशी मुकादमाला स्पष्ट सांगता येतं, "मामा, वीटकाम लिंटलपर्यंत येऊ द्या, मग देतो." भांडण होत नाही, कारण आकडा दोघांना दिसतो. मी शीटची लिंक मुकादमालाही दिली होती, फक्त बघण्यापुरती.

यूपीआयने पैसे देताना नोटच्या जागेत 'स्लॅब १ उचल' असं लिहायची सवय लावा, सहा महिन्यांनी तेच कामाला येतं. व्यक्तीकडून व्यक्तीला यूपीआयची मर्यादा साधारणपणे दिवसाला १ लाख असते, त्यामुळे लोखंडाच्या बिलासाठी एनईएफटी किंवा आरटीजीएस. एकाच व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला चालत नाही, दुकानदार कितीही 'रोखीत करा, कमी लावतो' म्हणाला तरी.

अंदाजपत्रकासाठी यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ बघत असाल तर तारीख बघा. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला आहे.

पैशाच्याच रकान्यातली अजून एक गोष्ट. मजूर तुमच्या साइटवर पडला तर जबाबदारी कुणाची, हा प्रश्न कुणी आधी विचारत नाही. प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजना वर्षाला २० रुपयांत १८ ते ७० वयाच्या खातेदाराला २ लाखांचं अपघात विम्याचं संरक्षण देते. आमच्या साइटवरच्या अर्ध्या लोकांची ती चालू नव्हती. बाबांनी एका दुपारी सगळ्यांना बसवून, ज्याच्या त्याच्या बँकेत ती सुरू करायला लावली. शिवाय साइटसाठी कर्मचारी भरपाईची पॉलिसी वेगळी काढली. चौदा महिन्यांत तिचा उपयोग करावा लागला नाही.

मटेरियल मोजणं

इथं फोनचा कॅल्क्युलेटर पुरतो, पण सूत्रं माहिती हवीत.

वाळू, क्रश सँड, खडी ब्रासमध्ये येते. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. गाडी आली की ओतायच्या आधी हौद्याची आतली लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटांत मोजा, गुणा, १०० ने भागा. आमच्याकडे आलेली एक गाडी अडीच ब्रास म्हणून आली होती. हौदा आतून १२ फूट लांब, साडेसहा फूट रुंद, माल पावणेतीन फूट. म्हणजे २१४.५ घनफूट, सव्वादोन ब्रासही नाही. बाबांनी ड्रायव्हरला काही न बोलता फक्त टेपसकट फोटो काढला आणि मालकाला पाठवला. पुढच्या गाड्या बरोबर आल्या.

वाळू ओली असेल तर अजून एक खेळ होतो. थोड्या ओलीने वाळू फुगते, बारीक वाळू तर २५-३० टक्क्यांपर्यंत. घरी तपासायला काचेचा सरळ ग्लास घ्या, दोन तृतीयांश ओली वाळू न दाबता भरा, उंची लिहा. मग ती काढून, ग्लासात पाणी घेऊन, त्यात वाळू परत सोडून हलवा आणि खाली बसू द्या. पूर्ण भिजलेली वाळू पुन्हा तिच्या कोरड्या आकारावर येते. जेवढी उंची कमी झाली, तेवढी तुम्ही हवा विकत घेतलीत.

लोखंडाचं सूत्र सगळ्यात सोपं: सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, १६२ ने भागा. उत्तर म्हणजे एका मीटरचं वजन किलोत. सळई साधारणपणे १२ मीटरची येते, म्हणून एका सळईचं वजन असं:

८ मिमी: ४.७४ किलो
१० मिमी: ७.४ किलो
१२ मिमी: १०.६७ किलो
१६ मिमी: १८.९६ किलो

वजनकाट्याची पावती घ्या आणि साइटवर सळया मोजा. १२ मिमीच्या १२० सळया असतील तर १२८० किलोच्या आसपास यायला हव्यात. भारतीय मानकात फरकाला मुभा आहे: १० मिमीपर्यंत ७ टक्के, त्यापुढे १६ मिमीपर्यंत ५ टक्के, कमी किंवा जास्त. त्यामुळे दोन टक्क्यांसाठी दुकानदाराशी वाद घालू नका. बारा टक्के निघाले तर नक्की घाला.

सिमेंटच्या पोत्यावर कितव्या आठवड्यात ते भरलं हे छापलेलं असतं. तीन महिन्यांच्या पुढचं असेल तर घेऊ नका. किती लागेल त्याचा अंदाज: ९०० चौरस फुटांचा ५ इंची स्लॅब म्हणजे ३७५ घनफूट, म्हणजे १०.६ घनमीटर काँक्रीट. एम-२० साठी १:१.५:३ प्रमाण धरलं तर एका घनमीटरला ५० किलोची ८ पोती, म्हणजे स्लॅबला ८५ पोती आणि बीमची वेगळी. स्लॅबच्या दिवशी गर्दीत कुणी पोती मोजत बसत नाही, म्हणून रिकामी पोती एका कोपऱ्यात टाकायला सांगा आणि संध्याकाळी ती मोजा. ही युक्ती मला कुठल्या ॲपने नाही, शेजारच्या काकूंनी सांगितली.

फोटो: व्हॉट्सॲप तारीख आणि जागा खाऊन टाकतं

हे बऱ्याच जणांना माहिती नसतं. फोनने काढलेल्या फोटोच्या आत तारीख, वेळ आणि लोकेशन लपलेलं असतं, त्याला एक्झिफ डेटा म्हणतात. तोच फोटो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि ही माहिती निघून जाते. बाबांनी पाठवलेले पहिल्या दोन महिन्यांचे चारशेएक फोटो माझ्या गॅलरीत आले तेव्हा कुठला फुटिंग कुठल्या दिवशीचा, काही कळेना. सगळे खड्डे सारखेच दिसतात.

उपाय दोन आहेत. एक, फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायचा, मग मूळ फाइल जशीच्या तशी येते. दोन, फोटोवरच तारीख आणि लोकेशन छापणारं जीपीएस कॅमेरा ॲप वापरायचं. छापलेलं असल्यामुळे व्हॉट्सॲपनेही ते जात नाही. बाबांना दुसरं जमलं. सगळे फोटो शेवटी गूगल फोटोजच्या एका शेअर्ड अल्बममध्ये टाकायचे. फुकटची जागा १५ जीबी आणि त्यातच तुमचं जीमेलही असतं, तेव्हा व्हिडिओ जपून.

कसे काढायचे, हे कुठल्या ॲपने काढायचे यापेक्षा महत्त्वाचं. आमचा नियम होता: जे झाकलं जाणार आहे त्याचा फोटो, झाकायच्या आधी, टेप लावून. फुटिंगची जाळी, कॉलमच्या रिंगांमधलं अंतर, स्लॅबखालचे कव्हर ब्लॉक. भिंतीत झिऱ्या मारून पाइप टाकल्यावर, प्लास्टरच्या आधी, प्रत्येक भिंतीचा समोरून एक फोटो. भिंतीवर खडूने खोलीचं नाव आणि दिशा लिहायची, टेप कोपऱ्यापासून आडवा आणि जमिनीपासून उभा दिसला पाहिजे. एका खोलीला दहा मिनिटं लागतात. गेल्या दिवाळीत गिझर बसवताना प्लंबर ड्रिल लावणार तेवढ्यात बाबांनी फोनवर तो फोटो उघडला. गरम पाण्याचा पाइप चार इंचांवर होता.

ती पायरी कशी आली

आता मूळ गोष्ट. पहिल्या प्लॅनमध्ये वरच्या मजल्यावरचं बाथरूम खालच्या देवघराच्या बरोबर डोक्यावर येत होतं. आईने ते बघितलं आणि विषय संपला. आर्किटेक्टने बाथरूम सरकवून स्टोअर रूमच्या वर घेतलं आणि नवी पीडीएफ पाठवली. मी ती साइटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली आणि लिहिलं, 'नवीन प्लॅन, हा फायनल'. गंमत म्हणजे जुन्या फाइलचं नावही 'प्लॅन फायनल' होतं.

सेंटरिंगवाले त्या ग्रुपमध्ये नव्हते. त्यांच्याकडे मुकादमाने दीड महिन्यापूर्वी फॉरवर्ड केलेली जुनी पीडीएफ होती. त्यांनी त्याप्रमाणे प्लेटा लावल्या. बाथरूमखालचा स्लॅब पाइप बसवायला खाली घेतात, ज्याला सनकन म्हणतात. तो सनकन देवघराच्या वर झाला.

जूनचा पहिला आठवडा. मौसम ॲपच्या रडारवर ढग दिसत होते, मिक्सर ठरलेला, पंधरा माणसं येणार होती. स्ट्रक्चरल इंजिनिअर दुसऱ्या दिवशी सकाळी तपासायला येणार होते. मी पुण्यातून व्हिडिओ कॉलवर सगळं बघितलं. बाबा फोन फिरवत होते, मी सळया मोजल्या, अंतर बघितलं, कव्हर ब्लॉक बघितले, अगदी बारकाईने. आणि म्हणालो, "आजच करून घेऊ, पाऊस आला तर पंधरा दिवस जातील." इंजिनिअरना मी फोनही केला नाही.

व्हिडिओत तुम्हाला सळई दिसते, पण आपण घराच्या कुठल्या कोपऱ्यात उभे आहोत हे कळत नाही. सनकन मला दिसला होता. तो 'बाथरूमचा' आहे एवढंच मी बघितलं. तो कुठे आहे हे विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी आई वर चढली. खाली येऊन तिने एवढंच विचारलं, "अरे, मोरी परत देवाच्या डोक्यावरच का?"

इंजिनिअरनी येऊन बघितलं, हिशोब केला, मला फोनवर चार शब्द सुनावले. इमारतीला धोका नव्हता. चुकलेला सनकन हलक्या ब्लॉकच्या तुकड्यांनी भरून सपाट केला. नवं बाथरूम सपाट स्लॅबवर आलं, म्हणून पाइप आणि उतारासाठी फरशी सहा इंच वर घ्यावी लागली. ती ही पायरी. पैशात फार गेलं नाही. बाबा दिवसातून चार वेळा चढतात.

माझ्या ऑफिसात कोडची एक ओळ बदलली तरी कुठलं व्हर्जन चालू आहे याची नोंद असते. दोन जणांनी तपासल्याशिवाय काही पुढे जात नाही. घराच्या बाबतीत मी हे दोन्ही सोडून दिलं, कारण व्हॉट्सॲपवर टाकलं म्हणजे सगळ्यांना मिळालं असं वाटतं. त्यानंतर आम्ही असं केलं:

प्लॅन गूगल ड्राइव्हवर ठेवला. कॉम्प्युटरवर ड्राइव्ह उघडलं की फाइलच्या मेनूत व्हर्जन सांभाळायचा पर्याय असतो. नवी पीडीएफ तिथून चढवली की लिंक तीच राहते, उघडते मात्र नवी फाइल. त्या लिंकचा क्यूआर कोड छापून, लॅमिनेट करून मीटरच्या पेटीवर चिकटवला. कोणीही स्कॅन करावं, चालू प्लॅनच दिसेल. व्हॉट्सॲपवर पीडीएफ टाकणं बंद. तिथं टाकलेली फाइल सगळ्यांसाठी डिलीट करायला जेमतेम अडीच दिवस मिळतात, आणि फॉरवर्ड झालेली तर परत येतच नाही.

पण क्यूआर सगळे स्कॅन करत नाहीत. म्हणून प्रत्येक बदलाची ए-थ्री प्रिंट वेगळ्या रंगाच्या कागदावर काढली. पहिली पांढरी, दुसरी पिवळी, तिसरी गुलाबी. नवी दिली की जुनी हातातून परत घ्यायची आणि फाडायची. गवंड्याला एवढंच सांगायचं, "गुलाबी बघून करा." हे क्यूआरपेक्षा जास्त चाललं.

आणि काँक्रीट ओतायच्या आधी इंजिनिअर स्वतः येणार, प्लॅन हातात घेऊन रस्त्याकडच्या कोपऱ्यापासून एकेका खोलीत फिरणार. दुसऱ्या स्लॅबला खरंच पाऊस आला, नऊ दिवस गेले, आणि आम्ही थांबलो.

ओतल्यानंतरच्या तारखा

त्या दिवशी कॅलेंडरमध्ये नोंदी टाकून द्या. आयएस ४५६ या मानकाप्रमाणे साध्या ओपीसी सिमेंटला किमान ७ दिवस, आणि फ्लाय ॲशवाल्या पीपीसीला किमान १० दिवस पाणी मारायचं असतं. कडक उन्हात ओपीसीला १० आणि पीपीसीला १४. बाजारात बहुतेक पीपीसीच मिळतं, तेव्हा १४ धरून चला. स्लॅबवर आळी करून पाणी साठवा, आणि सकाळ-संध्याकाळ भरलेल्या आळ्यांचा फोटो ग्रुपवर. आमच्याकडे हे काम आईने घेतलं, एकही दिवस चुकला नाही.

टेकू काढायची घाई सेंटरिंगवाल्यांना असते, कारण त्यांना प्लेटा दुसऱ्या साइटवर न्यायच्या असतात. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू ओपीसीसाठी किमान ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४. सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचे १४ दिवस, त्यापुढे २१. पीपीसी असेल तर इंजिनिअरला विचारून वाढवा. शक्य असेल तर १५ सेंटिमीटरचे सहा क्यूब भरून घ्या, तीन ७ दिवसांनी आणि तीन २८ दिवसांनी फोडायला. इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये हे करून मिळतं.

फोनचे सेन्सर: कशावर विश्वास ठेवावा

कंपास. बाबा वास्तुशांतीआधीच दिशा बघायला लागले, आणि रोज उत्तर वेगळी येऊ लागली. कारण ते सळयांच्या ढिगाशेजारी उभे होते. फोनचा कंपास चुंबकीय क्षेत्र मोजतो, लोखंडाजवळ तो काहीही सांगेल. मोकळ्या जागेत जा, फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवा, मग बघा.

लेव्हल ॲप चित्राची फ्रेम सरळ लावायला ठीक. फोनच्या मागे कॅमेऱ्याचा उंचवटा असतो, तो आडवा ठेवला की सपाट बसतच नाही. गवंड्याची पाण्याची लेव्हल ट्यूब आणि ओळंबा जास्त खरा. कॅमेऱ्याने अंतर मोजणाऱ्या ॲपचंही तेच, काही सेंटिमीटरचा फरक सहज येतो. फर्निचर मावेल का बघायला चालेल, टाइल्स मागवायला नाही. त्यासाठी लेझर मीटर घ्या, दोन मिलिमीटरच्या आसपास अचूक असतो आणि एका गाडीच्या वाळूतल्या फरकात त्याची किंमत निघते.

भिंतीत आत्ताच टाकून ठेवायचे पाइप

हा भाग तुमच्या हातात हमखास येतो, कारण घरात वाय-फायवरून बोलणी तुम्हालाच बसतात. आरसीसी स्लॅबमधून वाय-फाय नीट जात नाही, ५ गिगाहर्ट्झ तर फारच कमी. म्हणून राउटरच्या जागेपासून वरच्या मजल्यावर एक इंची रिकामा पाइप आणि त्यात ओढायची तार. टीव्हीच्या मागे, गेटवर आणि गच्चीत कॅमेऱ्यासाठी तसेच. लॅनची केबल आणि विजेची वायर एका पाइपमध्ये नको. इन्व्हर्टरची लाइन सुरुवातीलाच वेगळी काढा, नंतर प्लास्टर फोडावं लागतं.

गच्चीपासून मीटरपर्यंत सोलरसाठी एक जाड पाइप आम्ही रिकामा सोडला. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉट आणि त्यापुढे ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे. आत्ता पैसे उरले नाहीत, पण पाइप आहे. त्याच्या दोन्ही तोंडांना बाबांनी चिंध्या कोंबल्यात, पाली जाऊ नयेत म्हणून, आणि वहीत पाइप कुठून कुठे जातो त्याचं चित्र काढून ठेवलंय.